दहापैकी दहा

गुरुदत्तच्या घराण्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मूळ पुरुष पावणेचारशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून बंगळूरला आला. इथली हवा त्याला मानवली. त्याने घोडा विकला आणि तो कारकून झाला. तेव्हापासून ह्या घरात कुणी कुणावर हात उगारलेला नाही, आवाज चढवलेला नाही, आणि हॉटेलात सांबार आंबलेलं निघालं तरी पैसे देताना "छान होतं हं" म्हटल्याशिवाय कुणी बाहेर पडलेलं नाही. गुरुदत्त ह्या घराण्याचा खरा वारस होता. बावन्न वर्षांत त्याने कुणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही.

मराठीत ह्याला भीड म्हणतात, कन्नडमध्ये दाक्षिण्य. भीड ही भिकेची बहीण, असं त्याची आई म्हणे. त्याची बायको वसुमती तेच कन्नडमध्ये जरा मोकळेपणाने सांगे, "दाक्षिण्यक्के बसुरादळंते!" म्हणजे कुणाचं मन मोडवेना म्हणून बिचारीला दिवस गेले. दोन्ही भाषांना ह्या आजाराची इतकी चांगली माहिती होती आणि दोन्ही भाषा गुरुदत्तला येत होत्या. गुण मात्र कशाचाच आला नाही.

त्यातून पोटासाठी तो काय करायचा, तर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. संगणकाच्या चुका तो बिनदिक्कत काढी, कारण संगणकाचा चेहरा पडत नाही. माणसांचं आलं की संपलं. सात वर्षं त्याच्या हाताखालचे चौदाच्या चौदा लोक वार्षिक अहवालात 'अपेक्षेपेक्षा सरस' होते. एचआरच्या बाईंनी एकदा काकुळतीला येऊन विचारलं, "सर, टीममध्ये एक तरी कुणी साधारण असेल ना?" तो म्हणाला, "आहे की. मी."

अशा माणसाच्या नशिबी बिघडलेली गाडी यावी, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी भांडायचं कामही त्याच्याच गळ्यात पडावं, ह्याला काय म्हणायचं!

गाडी पांढरी, दिसायला भरभक्कम, तीन वर्षांच्या वॉरंटीची. दोन वर्षं ती गुणी मुलीसारखी वागली. तिसऱ्या वर्षी तिला एक खोड लागली. चालता चालता इंजिनाचा दम जाई, समोर पिवळा दिवा लागे आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडे. पंधरा मिनिटं गेली की आपली पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मेकॅनिकसमोर मात्र ती एकदाही बंद पडली नाही. तिथे तिचीही भीड आड येत असावी.

गुरुदत्त पहिल्यांदा गाडी घेऊन होसूर रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गेला, तेव्हा तिथे हयवदन भेटला. हा तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, म्हणजे गाडीवाल्याचं ऐकून घेऊन कागदावर उतरवणारा माणूस. तिशीतला, कपाळावर अंगाऱ्याची बारीक काळी रेघ, बोलणं इतकं मऊ की रागवायला आलेल्याने बसायला खुर्ची मागावी. "पेट्रोल भेसळीचं असेल सर," तो म्हणाला. टाकी धुतली, कसलीशी जाळी बदलली, संध्याकाळी गाडी धुऊनपुसून दारात आणून उभी केली. किल्ली दोन्ही हातांनी देताना तो जरा वाकला.

"कंपनीकडून फोन येतो सर. एक ते दहामध्ये मार्क विचारतात. टेन कोडी सर."

"देतो की," गुरुदत्त म्हणाला.

"नाइन बेडा सर. नाइन कोट्रे झीरो." नऊ दिले तर शून्य धरतात. दहा मिळाले तरच त्याच्या खात्यात काम केल्याची नोंद.

ज्या परीक्षेत नव्वद टक्केवाला नापास होतो, त्या परीक्षेला दर आठवड्याला बसणाऱ्या माणसाबद्दल गुरुदत्तला फार वाईट वाटलं. दोन दिवसांनी फोन आला, त्याने दहा दिले. आणखी पाच दिवसांनी गाडी बंद पडली. फोन दोन दिवसांत यायचा आणि खोड परतायला आठवडा लागायचा, ही त्या दोघांची जोडी अगदी जमून आलेली होती.

दुसऱ्या खेपेला हयवदनने कागद भरताना आवाज खाली आणला. "सर, माझ्या हातून गेलेली गाडी बंद पडते असं लिहिलं की सिस्टममध्ये माझ्या नावापुढे लाल येतं. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, थोडं सांभाळून घ्या. मी 'जनरल चेकअप' लिहितो. काम तेच करतो सर. लिहिण्यात काय आहे?"

लिहिण्यात काय आहे! ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना गुरुदत्त पहिल्याच दिवशी सांगत असे, की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. इथे त्याने स्वतःहून पेन मागून घेतलं, 'जनरल चेकअप'च्या खाली सही केली, आणि वर "थँक्यू" म्हणाला. तिसऱ्या खेपेला प्लग बदलले, जनरल चेकअप. चौथ्या खेपेला संगणक जोडून काहीतरी नवं भरलं, जनरल चेकअप. पहिल्या तीन खेपांना तीन वेळा दहा. चौथ्यांदा शनिवारी गाडी ताब्यात देताना हयवदन हळूच म्हणाला, "ह्या महिन्याचा माझा शेवटचा फोन तुमचाच आहे सर. तेवढा चांगला गेला की झालं." गुरुदत्तने त्याच्या खांद्यावर थोपटलं. वॉरंटी संपायला तेव्हा आठ दिवस उरले होते, आणि हा दुसऱ्याच्या महिन्याची काळजी करत होता.

सोमवारी संध्याकाळी तो सर्जापूर रोडवरून एकटाच घरी येत होता. सहाला आठ मिनिटं कमी असताना पिवळा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. ह्या वेळी दोनच दिवसांत. त्याने चारी इंडिकेटर लावले आणि गाडीच्या कंपनीने वाटेतल्या मदतीसाठी दिलेल्या नंबरावर फोन केला. लगेच मेसेज आला : तक्रार नोंदवली, चालती गाडी बंद, माणूस पाऊण तासात पोचेल. मागे बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. एका टेम्पोवाल्याने शेजारून जाता जाता असे शब्द ऐकवले, की जे ह्या घराण्याच्या कानावर घोडा विकल्यापासून पडले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. त्याला वाटलं मदतवाला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, कंपनीकडून बोलतेय. शनिवारी तुमच्या गाडीचं काम झालं. एक ते दहामध्ये तुम्ही किती समाधानी आहात?"

गुरुदत्तने समोर पाहिलं. पिवळा दिवा जळत होता. त्याच्या डोळ्यांपुढे अंगाऱ्याची रेघ आली, दोन्ही हातांत धरलेली किल्ली आली, महिन्याचा शेवटचा फोन आला.

"दहा," तो म्हणाला.

"आम्ही काही सुधारणा करावी असं वाटतं का सर?"

"छे छे. सगळं छान आहे."

"मागे फार हॉर्न ऐकू येतात सर. तुम्ही गाडी चालवताय का? सुरक्षिततेसाठी आपण नंतर बोलू."

"नाही नाही," गुरुदत्त म्हणाला, "गाडी उभीच आहे." त्या अख्ख्या संभाषणातलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

सहा वाजून सहा मिनिटांनी दहा गुण दिल्याबद्दल आभाराचा मेसेज आला. सव्वासहाला गाडी सुरू झाली. मदतवाल्या माणसाला उगाच हेलपाटा नको म्हणून त्याने तो फोन रद्द केला, आणि तो एचएसआर लेआउटमध्ये घरी आला. घरी त्याने काहीही सांगितलं नाही.

मंगळवार वसुमतीचा गाडीचा दिवस. ती इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मंगळवारी आणि गुरुवारी ती गाडी नेते आणि गुरुदत्त घरून काम करतो. सकाळी डबा भरता भरता तिने विचारलं, "अहो, गाडी आता नीट आहे ना? आज प्रॅक्टिकल आहे, वाटेत रगळे-कटकट नको मला."

त्याच्याजवळ तेव्हा पुरा एक क्षण होता. काल बंद पडली होती, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की ती रागावणार, चार वेळा जाऊन काय केलंत म्हणून विचारणार, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लावा म्हणणार, आणि मग त्या हयवदनशी बोलावं लागणार. शिवाय कालच बंद पडलीय, आज लगेच कशाला पडेल, असा हिशेबही त्याने मनात करून टाकला. चुका शोधायचा पगार घेणारा माणूस, आणि हा त्याचा हिशेब!

"एकदम बरोबर आहे," तो म्हणाला.

ही गोष्ट सांगणाऱ्याला इथे त्याची बाजू घ्यायची फार इच्छा आहे, पण घेता येत नाही.

पावणेनऊला एलिव्हेटेड एक्स्प्रेसवेवर, खाली उतरायचा रस्ता बराच पुढे असताना, गाडी बंद पडली. बाजूला घ्यायला जागा नव्हती. मागून येणाऱ्या गाड्या शेवटच्या क्षणी वळून जात होत्या. वसुमतीने त्याला फोन केला. "अहो, गाडी बंद पडली. वरच, मधोमध," एवढंच तिला बोलता आलं. तो म्हणाला, "घाबरू नकोस, काही होत नाही," आणि त्याच वेळी फोनवर काहीतरी फुटल्याचा आवाज आला. लॉरी अगदी घासून गेली होती आणि उजवीकडचा आरसा घेऊन गेली होती. काच तिच्या मांडीवर सांडली. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, आणि ती तशीच कॉलेजात गेली, प्रॅक्टिकल घेतलं, गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला न्यायला लावली आणि एका सहकारिणीबरोबर घरी आली.

"लॉरी अशी गेली," तिने तळहात आणि कान ह्यांमधलं अंतर दाखवत सांगितलं. "त्या गाडीचं काय असेल ते ह्या आठवड्यात निस्तरा. नाहीतर मी पुन्हा तिच्यात पाय ठेवणार नाही. पण तुमची चूक नाही, तुम्ही तरी काय करणार. त्यांनी नीट केली म्हणून सांगितलं, तुम्ही मला सांगितलं."

गुरुदत्तला स्वतःची शिसारी आली. लाज वाटली की माणूस खरं बोलतो, असं म्हणतात. ह्याला इतकी लाज वाटली की त्याने तिच्यासाठी न मागता दोनदा कॉफी केली.

बुधवारी तो सर्व्हिस सेंटरला गेला, तो अगदी भांडायचं ठरवून. वाटेत त्याने तीन वाक्यं पाठ केली होती. ह्या वेळी तो हयवदनकडे न जाता थेट भव्याच्या केबिनमध्ये घुसला. भव्या तिथली मॅनेजर, चाळिशीची, कमी बोलणारी. त्याला पाहून ती चक्क उभी राहिली.

"गुरुदत्त सर! या ना. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये आम्ही तुमचंच नाव घेतलं. चार महिन्यांत चार व्हिजिट, चारही वेळा दहापैकी दहा. असा ग्राहक आमच्याकडे दुसरा नाही."

पाठ केलेली तीन वाक्यं तिथेच विरली. त्याने सगळं सांगितलं, अर्थात जमेल तितकं मऊ करून. भव्याने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. पहिल्या कार्डावर 'पेट्रोल तपासणी', पुढच्या तिन्हींवर 'जनरल चेकअप', चारही ठिकाणी त्याची वळणदार सही.

"सर, रेकॉर्डप्रमाणे तुमची गाडी काल पहिल्यांदाच बंद पडली," ती म्हणाली. "पहिल्या तक्रारीला आम्ही साफसफाई करून पंधरा दिवस बघतो. दुरुस्तीनंतर तीच तक्रार किमान दोनदा आली असं सिद्ध झालं, तरच इंजिन उघडून आतला पंप बदलायची परवानगी मिळते. आणि तुमची वॉरंटी रविवारी संपते."

"म्हणजे?"

"म्हणजे दुरुस्तीनंतर, मंगळवारच्या आधी, गाडी बंद पडल्याचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?"

पुरावा त्याच्या खिशात होता. सोमवार, पाच बावन्न, चालती गाडी बंद. कंपनीच्याच नंबरावरून आलेला मेसेज. त्याने खिशात हात घातला आणि फोनवर बोटं टेकली. मग त्याला मंगळवारची सकाळ आठवली. हात खिशातच राहिला.

"बघतो," तो म्हणाला.

"शुक्रवारी कंपनीचे इंजिनिअर येणार आहेत. तेच काय ते ठरवतील. मॅडमना घेऊन या. गाडी त्या चालवत होत्या, त्यांना विचारतील."

गुरुवारभर गुरुदत्तने डोकं लढवलं. मेसेज आधीच भव्याला पाठवून द्यावा. पण ती तो वसुमतीसमोर मोठ्याने वाचणार. इंजिनिअरला एकट्याला बाजूला घ्यावं; पण वसुमती एका वितीवर बसलेली असणार. तिला घरी ठेवून आपण एकट्यानेच जावं, हेही त्याने सुचवून पाहिलं. "तुम्ही एकटे?" ती म्हणाली. "तुम्ही त्यांना तीच गाडी बक्षीस देऊन याल."

शुक्रवारी भव्याच्या केबिनमध्ये पाच माणसं होती. हे दोघे, भव्या, भिंतीला टेकून उभा असलेला हयवदन, आणि कंपनीचा इंजिनिअर यशोवर्धन. हा मूळचा पुण्याचा, पस्तिशीचा, हातात लॅपटॉप. दोघं नवराबायको आपसांत बोलताना त्याने ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले.

"अरे, तुम्ही मराठी? ग्रेट. थोडं वेगळंय तुमचं मराठी, पण छान वाटतंय. मग आपण मराठीतच बोलू, फास्ट होईल. कन्नडचं माझं अवघड आहे."

गुरुदत्तला ही सोय नको होती. मराठी ही त्याची घरातली भाषा. बाहेर सगळं कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत चालायचं, आणि त्या भाषांत थाप मारली तर ती ऑफिसात मारल्यासारखी वाटायची. मराठीत मारली की ती स्वयंपाकघरात मारल्यासारखी होई.

यशोवर्धनने आधी वसुमतीला विचारलं. तिने सगळं सरळ सांगितलं : दिवा, दम, बंद, लॉरी, आरसा. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. तो टाइप करत गेला.

"ओके. हा मंगळवार झाला. आता मेन क्वेश्चन. शनिवारी रिपेअर होऊन गाडी तुम्हाला मिळाली. शनिवार ते मंगळवार, मध्ये कधी बंद पडली?"

"नाही," वसुमती म्हणाली. "तसं असतं तर ह्यांनी मला सांगितलं असतं. मी मंगळवारी निघताना विचारलं होतं, हे म्हणाले एकदम बरोबर आहे. हे भिडस्त आहेत, कुणाशी भांडत नाहीत, पण मला कधी खोटं सांगायचे नाहीत."

हे ती नवऱ्याच्या बाजूने बोलत होती. आपल्या माणसाला परक्यांसमोर कमी लेखलं जाऊ नये म्हणून बोलत होती, आणि तिच्या त्याच वाक्याने वॉरंटीची वाट लागत होती.

"मग सॉरी मॅडम," यशोवर्धन म्हणाला. "सिंगल इन्सिडन्स. एकदाच घडलंय म्हटल्यावर मी इंजिन ओपन नाही करू शकत. आरशाचं काहीतरी करतो. मंडेनंतर पुन्हा झालं तर पेड बेसिसवर—" त्याने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली आणलं. भिंतीपाशी हयवदनने सुटकेचा श्वास सोडला. तो केबिनमध्ये सगळ्यांना ऐकू आला.

आता गप्प बसलं तर सगळं सुरळीत होतं. हयवदनचं निभावत होतं, भव्याचं रेकॉर्ड निभावत होतं, आणि घरी गुरुदत्तचं नाव निभावत होतं. पुढच्या मंगळवारी वसुमती त्याच गाडीत बसली असती, किंवा ती तिच्यात कधीच न बसण्याची कारणं ह्याने तिला जन्मभर दिली असती. त्याला काचेचे तुकडे आठवले, मंगळवारी घरी आल्यावर तिने पदरातून एकेक वेचून कागदावर ठेवलेले. त्याने खिशातून फोन काढला आणि टेबलावर इंजिनिअरच्या पुढे सरकवला.

"वाचा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

यशोवर्धनने वाचलं, आणि पुण्याच्या माणसाने वाचावं तसं खणखणीत वाचलं. "सोमवार, पाच बावन्न. चालती गाडी बंद. सर्जापूर रोड." त्याने मेसेज खाली सरकवला. "आणि हे काय? सहा वाजून सहा मिनिटं, दहा गुण दिल्याबद्दल आभार. एक मिनिट. हा फीडबॅक तुम्ही दिलात?"

"हो."

"कुठून?"

"गाडीतून."

"बंद गाडीतून?"

"हो."

"दहा?"

"हो."

भव्याला मराठी येत नव्हतं, पण आकडे आणि चेहरे पुरेसे कळले असावेत. तिने तोंडावर हात धरला. यशोवर्धन तर उघडच हसला. "सर, मी बारा वर्षं ह्या लायनीत आहे. लोक एक मार्क देतात, शिव्या देतात, गाडी शोरूमच्या दारात आडवी लावतात. बंद गाडीत बसून दहा देणारा माणूस मी नाही पाहिला. पण हा पुरावा सॉलिड आहे. आमच्याच कंपनीचा लॉग. इंजिन ओपन करतो. पंप आणि इंजेक्टर, दोन्ही वॉरंटीत. आत्ताच टाकतो, रविवारच्या आत आहे."

मग त्याने कार्डं काढली आणि हिंदीत हयवदनला विचारलं, तीन वेळा जनरल चेकअप कुणी लिहिलं. हयवदनच्या कपाळावरची रेघ घामाने पसरली होती. "मैंने," तो म्हणाला.

"सही माझी आहे," गुरुदत्त म्हणाला. "तिन्ही वेळा. न वाचता नाही, वाचून केलेली. त्याला एकट्याला धरू नका." आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका दिवसात दोन खऱ्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या होत्या. शूर माणसाला अशा वेळी काय वाटतं ते त्याला माहीत नव्हतं. त्याला तर फक्त शेजारच्या खुर्चीकडे बघायची भीती वाटत होती. मेसेज वाचला जात असताना वसुमतीने एकदाच "सोमवारी?" असं म्हटलं होतं, तेही इतक्या हळू की यशोवर्धनला ते ऐकूच गेलं नाही.

कागद झाले. भव्याने कॉफी मागवली, ती कुणी प्यायलं नाही. गाडी आत लिफ्टवर चढली आणि हे दोघं बाहेर होसूर रोडच्या कडेला येऊन उभे राहिले. ऑटो बोलावलेला होता, यायला सहा मिनिटं दाखवत होता.

"डबा भरताना मी विचारलं," वसुमती म्हणाली. ती रस्त्याकडे बघत होती.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

त्याच्याजवळ आणखी बरंच तयार होतं. साधारणपणे आठवडा लागतो, लगेच पडेल असं वाटलं नाही, हयवदनचा महिना, टेम्पोवाला. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'पण' होतं. त्याने ती सगळी गिळली आणि उरलेलं एक सांगितलं.

"तू रागावशील म्हणून नाही सांगितलं."

वसुमतीने त्याच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. वर्गात सोपं गणित चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं ती बघत होती.

"रागावले असते की," ती म्हणाली. "दोन शब्द बोलले असते. आणि ऑटोने कॉलेजला गेले असते."